ट्रेलरची निळी वायर

अमेरिकेत कॅम्पर (राहायची सोय असलेला ट्रेलर) किंवा घोड्यांचा ट्रेलर गाडीमागे जोडला की सात पिनांचा प्लग लावतात. त्यात एक निळी वायर असते. दिव्यांशी तिचा संबंध नाही. ती थेट ट्रेलरच्या चाकांपर्यंत जाऊन ब्रेक लावते. चाकाकडचं टोक गेली कित्येक वर्षं फारसं बदललेलं नाही. गाडीकडच्या टोकाला काय जोडायचं, हे मात्र सतत बदलत आलं.

या ब्रेकचा इतिहास सांगायचा तर विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइट गावापासून सुरुवात करावी लागते. तिथल्या आर्थर वॉर्नर यांनी आधी गाडीचा वेग दाखवणारा मीटर बनवून पैसा कमावला. स्टुअर्ट-वॉर्नर या नावातले वॉर्नर ते हेच. 1909 मध्ये त्यांनी कर्टिस विमान विकत घेऊन स्वतःच उडवलं. असा हा उपद्व्यापी माणूस 1927 मध्ये विजेच्या ब्रेकच्या कंपनीमागे उभा राहिला. जड ट्रकांना हवेचे ब्रेक असतात, पण घरच्या मोटारीत कॉम्प्रेसर कुठून आणणार? बॅटरी मात्र प्रत्येक गाडीत असते. मागच्या वजनाचा रेटा काय असतो, हे उतारावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला सांगावं लागत नाही.

युक्ती खरोखर सुंदर आहे. ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे जे ब्रेक शू, त्यांना वीज ढकलत नाही. विजेने फक्त एक छोटा मॅग्नेट फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट भागाला चिकटतो. ड्रम त्याला फरफटत नेतो, त्याबरोबर एक दांडा ओढला जातो आणि तो दांडा शू फाकवतो. जोर चाकाचा, वीज फक्त निमित्ताला. म्हणूनच उभ्या ट्रेलरला हे ब्रेक नीट धरत नाहीत. चाकाखाली ठोकळा लावावाच लागतो. डाव्या-उजव्या चाकांचे संच वेगळे असतात तेही यामुळेच, कारण ओढ एका ठरावीक दिशेने यावी लागते. मॅग्नेटच्या दोन वायरी मात्र कशाही जोडल्या तरी चालतात.

आता गाडीकडचं टोक, म्हणजे मागे किती करंट पाठवायचा हे ठरवणारा कंट्रोलर. जुन्या कंट्रोलरमध्ये गाडीच्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरवरून (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल इथून ढकललं जातं) एक बारीक नळी काढून आणलेली असे. पाय जितका जोरात, तितका तेलाचा दाब आणि तितका मागे करंट. चालकाला याहून सरळ काही नको होतं. पण गाड्यांत चाकं जाम होऊ न देणारं एबीएस आलं आणि त्या तेलाला हात लावायची सोय उरली नाही. मग नुसता ब्रेक लाइटचा इशारा घेऊन ठरलेल्या गतीने करंट वाढवणारे डबे आले. पाय हळू पडला की जोरात, हे त्यांना कळतच नसे. माझ्या मते हे एक पाऊल मागे होतं. त्यानंतरच्या लंबकवाल्या कंट्रोलरने गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतोय हे मोजायला सुरुवात केली, पण लंबक सरळ बसवणं ही डोकेदुखी होती. पुढे तेच काम इलेक्ट्रॉनिक सेन्सर करू लागला. 2005 च्या सुपर ड्यूटी ट्रकमध्ये फोर्डने कंट्रोलर कारखान्यातच बसवून दिला. या सगळ्यांत हाताने ओढायची पट्टी मात्र टिकली, कारण ट्रेलर मागे डोलू लागला तर फक्त त्याचेच ब्रेक लावता यावे लागतात.

युरोपने हा रस्ता फारसा धरला नाही. तिथल्या कॅरव्हॅनमध्ये ट्रेलरच्या धक्क्यानेच हिचजवळचा (गाडी-ट्रेलरच्या जोडाजवळचा) दांडा आत सरकतो आणि ब्रेक लागतात. ऑस्ट्रेलियाने मात्र वीज पसंत केली.

दहा-बारा इंची ड्रमचा एक मॅग्नेट साधारण 4 अँपिअर घेतो, म्हणजे चार चाकांना 15-16. लांब ट्रेलरला बारीक वायर टाकली तर व्होल्टेज वाटेतच मरतं. त्याहून जास्त फसवते ती अर्थिंग. चासीच्या गंजक्या बोल्टवर भरवसा ठेवून वायरिंग केलं की दिवे लागतात, पण ब्रेक ढिले पडतात, म्हणून पांढरी वायर प्लगपर्यंत वेगळी नेतात. आणि ट्रेलर सुटलाच तर गाडीला बांधलेल्या तारेने एक पिन उपसली जाते आणि ब्रेक लागतात; त्यासाठीची छोटी बॅटरी ट्रेलरवरच असते. ती चार्ज आहे का, हे निघण्याआधी तीच पिन ओढून बघतात.