जगबुडीनंतरचा खेळ: ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’ भाड्याने नेण्याआधी

हा खेळ मागायला आलेल्या ग्राहकाचे दोन प्रश्न ठरलेले असतात. बोर्ड कुठाय? आणि यात जिंकतं कोण? बोर्ड नाही आणि कोणी जिंकतही नाही, एवढं ऐकल्यावर बरेच जण कॅरमकडे वळतात. म्हणून हे पत्रक.

‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’ हा बोलून खेळायचा खेळ आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्या विन्सेंट आणि मेग्वे बेकर या दांपत्याचा. पहिली आवृत्ती २०१० ची, दुसरी २०१६ ची. त्यातलं जग साधारण ५० वर्षांपूर्वी बुडालं. कशामुळे, ते पुस्तक सांगत नाही. तिथल्या माणसांनाही ते धड आठवत नाही. जाणिवेच्या काठावर एक वावटळ सतत घोंघावते, एवढंच त्यांना ठाऊक. बाकी सगळं टेबलावर ठरतं. आमच्याकडच्या एका गटाने गाव वसवलं ते आटलेल्या धरणाच्या भिंतीवर. नियमांना त्याचं काही वावडं नाही.

एक जण सूत्रधार होतो, बाकीचे तीन-चार भिडू एकेक पात्र घेतात. (मूळ पुस्तकात सूत्रधाराला ‘एमसी’ म्हटलंय. तो शब्द इथे उच्चारला की टेबल पाच मिनिटं हसत बसतं, म्हणून आम्ही सूत्रधारच म्हणतो.) पात्रं छापील पुस्तिकांतून निवडायची: जखमा बांधणारा ‘एंजल’, गाडीत जीव अडकलेला ‘ड्रायव्हर’, यंत्रांशी बोलणारा ‘सॅव्हीहेड’. एक पुस्तिका एकालाच मिळते. त्यामुळे गावात वैद्य एकच, आणि त्याच्याशी भांडण परवडत नाही.

आता फासे. सापशिडीत असतात तसे साधे दोन. पात्र काही जोखमीचं करायला गेलं की ते टाकायचे आणि बेरजेत पात्राचा त्या कामातला गुण मिळवायचा. दहा किंवा जास्त आले तर मनासारखं होतं. सहा किंवा कमी आले तर पुढे काय ते सूत्रधार सांगतो, आणि ते सहसा गोड नसतं. सात ते नऊ आले तर काम होतं, पण काहीतरी मोजावं लागतं. खरी गंमत याच दानात आहे, असं आमचं स्पष्ट मत.

हिशेब करून बघा. दोन फाशांची दानं ३६. गुण शून्य असेल तर १५ दानं फसतात, १५ अर्धवट साधतात, फक्त ६ पूर्ण साधतात. गुण दोन असेल तर फसणारी ६ उरतात आणि पूर्ण साधणारी १५ होतात. मधली १५ मात्र जागची हलत नाहीत. कितीही तयारीचा गडी असो, किंमत मोजायची पाळी त्याच्यावर येतच राहते. त्या धरणावरच्या गावासाठी आमच्या ड्रायव्हरने टँकर पळवून आणला, दान आठचं. टँकर आला, पण चाकांच्या खुणा धरून मागून त्याचे मालकही आले. तो अख्खा रविवार पाणी कुणाला आधी द्यायचं यावर गेला. बंदूक एकदाही चालली नाही.

गावाचा धनी व्हायचं असेल तर ‘हार्डहोल्डर’ घ्या. पदरी ७५ ते १५० माणसं, आणि प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला त्यांच्यासाठी फासे टाकायचे. दान चांगलं पडलं तर कोठारात शिल्लक. मधलं पडलं तर शिल्लक आहे, पण सोबत रोगराई किंवा उपासमारीसारखं एखादं दुखणंही. सरपंचकी काय असते ते तासाभरात कळतं.

सूत्रधाराला स्वतः फासे टाकायचे नसतात आणि गोष्ट आधी रचून आणायची नसते. घरून कथानक लिहून आणणाऱ्यांची इथे पंचाईत होते. त्याने प्रश्न विचारायचे: तू झोपतोस कुठे? तुझ्याकडचं पाणी कुणाला हवंय? उत्तरांतूनच पुढचा पेच निघतो.

पुस्तक इंग्रजीत आहे, बोलणं मात्र मराठीत झकास चालतं. पात्रपुस्तिकेवरच्या नोंदी कशा वाचायच्या ते काउंटरवर समजावून देऊ. एका बैठकीला तीन-चार तास धरा. पहिली बैठक पात्रं आणि गाव उभं करण्यातच जाते, तेव्हा घाई नको.

एक गोष्ट आधीच सांगतो. यात हिंसा आहे आणि शरीरसंबंधांविषयी उघड नियम आहेत. १८ वर्षांखालच्यांना आम्ही हा खेळ देत नाही, आईवडील सोबत असले तरी. मोठ्यांनीही नको ते विषय खेळाआधी एकमेकांना सांगून बाजूला ठेवावेत.

फासे आणि छापील पुस्तिका आम्ही देतो. पेन्सिल आणि खोडरबर तुमचं. पेन आणू नका: जखमा पुस्तिकेवर छापलेल्या घड्याळाच्या खणांत भरायच्या असतात, आणि वैद्य वेळेत पोचला तर त्या खोडाव्याही लागतात.