मराठवाडी बोलीतले इंग्रजी शब्द : उच्चार आणि अर्थ

मराठवाड्याच्या बोलीत रुळलेले इंग्रजी शब्द, त्यांचे उच्चार आणि स्थानिक व्यवहारात त्यांना चिकटलेले अर्थ. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची भाषा आधी फारसी, मग उर्दू. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच. त्यामुळे पहिल्या खेपेचे इंग्रजी शब्द इथे पुस्तकातून कमी आणि कानावाटे जास्त आले. शब्द ऐकून घेतला की वाचून, यावर त्याचा उच्चार बहुतांशी ठरतो.

मनमाडहून औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी मीटरगेज गाडी १९००च्या सुमारास धावू लागली आणि ‘स्टेशन’चे ‘ठेसन’ झाले. शब्दाच्या तोंडाशी ‘स्ट’, ‘स्क’ आले की बोली एकतर ‘स’ गाळते किंवा आधी ‘इ’ लावते, जसे ‘इस्कूल’. ‘ट्रॅक्टर’चा ‘टॅक्टर’ होतो, ‘एसटी’ची ‘यष्टी’. याला गावंढळ म्हणण्याचे कारण नाही. खुद्द इंग्रजीत ‘कर्नल’च्या स्पेलिंगमध्ये दोन ‘एल’ आहेत आणि ‘आर’ एकही नाही. लिहिणे इटालियन वळणाचे राहिले, बोलणे फ्रेंच वळणाचे. मराठीने हा शब्द ऐकून घेतला म्हणून तो बिनचूक उतरला.

‘प्लंबर’चे नेमके उलटे झाले. इंग्रजीत त्यातला ‘बी’ मुका असतो, उच्चार ‘प्लमर’च्या जवळचा. शिशाच्या ‘प्लंबम’ या लॅटिन नावावरून हा शब्द आला, कारण जुने नळ शिशाचे असत. आपल्याकडे तो पाटीवर वाचून शिकलेला, म्हणून ‘ब’ ठणठणीत ऐकू येतो. ‘वेडनसडे’ (इंग्रजीत ‘वेन्झ्डे’) आणि ‘रिसिप्ट’ (‘रिसीट’) हेही त्याच वर्गातले. इंग्रजीतला आघात मात्र कोणत्याच वाटेने आला नाही: ‘हॉटेल’मध्ये इंग्रज दुसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘टेल’वर, जोर देतो, मराठी माणूस दोन्हींना सारखेच वागवतो. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ या स्वरांना २००९च्या शासन निर्णयाने वर्णमालेत अधिकृत जागा मिळाली.

अर्थांचा भाग याहून रंजक आहे. ‘लाइट’ म्हणजे दिवा नव्हे, वीज. ‘रातच्याला लाइट हाय, मोटार चालू कराया जायलो,’ असे लातूरकडचा शेतकरी म्हणतो. यातली ‘मोटार’ म्हणजे विहिरीवरचा किंवा बोअरचा विजेचा पंप. पण त्याच लातूरला १९११ साली पोचलेल्या ‘बार्शी लाइट’ रेल्वेतला ‘लाइट’ विजेचा नाही, हलकेपणाचा. अडीच फुटी नॅरोगेजची ती हलकी गाडी होती. ‘डीपी’ हे ‘डिस्ट्रिब्यूशन’वरून निघालेले लघुरूप, शेतकऱ्याच्या तोंडी मात्र तो अख्खा ट्रान्सफॉर्मर. ऐन रब्बीत डीपी जळाली की पीक वाळायला लागते. (व्हॉट्सॲपवरचा डीपी पुल्लिंगी, शेतातली डीपी स्त्रीलिंगी, गोंधळ कुणाचाच होत नाही.) ‘हॉटेल’ म्हणजे चहा-भज्यांचे दुकान, तिथे मुक्कामाची सोय असेलच असे नाही. बीडकडच्या ऊसतोड कामगारांत ‘टायर’ म्हणजे रबरी चाकांची बैलगाडीच. महसुलातल्या ‘गिरदावर’ची जागा ‘सर्कल’ने घेतली, ‘सर्कल आलेत’ म्हणजे मंडळ अधिकारी आले.

सगळ्यांत वजनदार शब्द ‘पोलीस ॲक्शन’. हैदराबाद संस्थान भारतात आणणारी सप्टेंबर १९४८ची ती कारवाई प्रत्यक्षात सैन्याची होती, रणगाड्यांसकट; लष्करी सांकेतिक नाव ‘ऑपरेशन पोलो’. घरचा मामला आहे, युद्ध नव्हे, असे जगाला दाखवायला सरकारने ‘पोलीस’ हा शब्द पुढे केला, आणि मराठवाड्याने तो कालगणनेसाठी वापरला. जुनी माणसे जन्मसाल ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’ की ‘नंतर’ असे सांगत.

२००० सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. ‘ठेसन’ आता बहुधा वयस्करांच्याच तोंडी ऐकू येते. नवी भर पडते ती लातूर-नांदेडच्या शिकवण्यांतून. ‘पॅटर्न’ म्हणजे तिथे नमुना नव्हे, सराव परीक्षांची कडक शिस्त. आणि ‘रिपीटर’ म्हणजे वैद्यकीय प्रवेशासाठी पुन्हा वर्षभर ‘नीट’च्या तयारीला बसलेला विद्यार्थी.