नेदरिल

नेदरिल : ‘फर्गॉटन रेल्म्स’ या कल्पित जगातले जादूगारांचे प्राचीन मानवी साम्राज्य. डोंगरांची शिखरे कापून, उलटी करून त्यांवर वसवलेल्या तरंगत्या नगरांसाठी ते प्रसिद्ध आहे. एका जादूगाराच्या एकाच मंत्राने ते एका दिवसात कोसळले. हे जग कॅनडाच्या एड ग्रीनवुड यांनी १९६७ च्या सुमारास, शाळकरी वयात, स्वतःच्या गोष्टींसाठी रचायला घेतले. १९८७ मध्ये टीएसआर या अमेरिकन कंपनीने ते ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या, खेळाडूंनी पात्रे बनून साहसे करण्याच्या खेळाची पार्श्वभूमी म्हणून पेटीबंद संचाच्या रूपाने बाजारात आणले. नेदरिलचा तपशीलवार इतिहास मात्र १९९६ च्या स्वतंत्र संचात आला.

हा क्रम ध्यानात ठेवायला हवा. या जगात आधी अवशेष आले आणि राजे मागाहून. खेळणाऱ्यांना उतरायला पडके मनोरे आणि बुजलेली भुयारे लागतात, त्यांत सापडायला आज कुणालाच बनवता येत नाहीत अशा वस्तू लागतात. म्हणजे त्या बनवणारे कुणीतरी होऊन गेलेले असायला हवेत, आणि ते आता नसायला हवेत. टोरिल या ग्रहावरच्या फेरून खंडाचा सगळा प्राचीन इतिहास या गरजेतून उलट्या दिशेने लिहिला गेला आहे. त्यामुळे तिथले प्रत्येक मोठे साम्राज्य बुडालेले असते.

कालगणना व आधीची राज्ये : इथली वर्षे ‘डेल गणने’त मोजतात. कॉरमँथॉरच्या जंगलातले एल्फ (माणसांसारखा दिसणारा, दीर्घायुषी वंश) आणि तिथे वस्तीला आलेली माणसे यांनी मिळून एक शिळा उभारली, ते वर्ष १. त्याआधीची वर्षे उणे चिन्हाने लिहितात. माणसांच्या कितीतरी आधी सरड्यासारख्या सरुख लोकांसह काही ‘आद्य वंश’ या जगावर राज्य करून गेले. त्यानंतर एल्फ आले. उणे १२,००० पासून सुमारे तीन हजार वर्षे चाललेल्या त्यांच्या ‘मुकुटयुद्धां’त आर्यवंदार या राज्याचा लोभ केंद्रस्थानी होता. मियेरितार हे राज्य जादूने इतके उजाड झाले की तिथे आजही माळच आहे. पूर्वेला इमास्करच्या जादूगारांनी दुसऱ्या जगांतून दारे उघडून माणसे गुलाम म्हणून ओढून आणली, आणि त्या माणसांच्या देवांना आत येता येऊ नये म्हणून ती दारे बंद करून टाकली. देव अखेर वेगळ्या वाटेने आलेच. उणे २४८८ मध्ये इमास्कर संपले आणि तिथे राउरिनचे वाळवंट उरले. नारफेल व रौमथार ही दोन राज्ये तर एकमेकांशी लढूनच उणे १५० च्या सुमारास नाहीशी झाली.

उदय : नेदरिलची सुरुवात अगदी साधी आहे. एका चिंचोळ्या समुद्राकाठी मासेमारी करणारी सात गावे होती. उणे ३८५९ मध्ये ‘थोरला नेदर’ या पुढाऱ्याच्या हाताखाली ती एक झाली. त्याच्याच नावावरून राज्याचे नाव पडले. शेजारच्या एल्फांकडून या कोळ्यांनी थोडीफार जादू शिकून घेतली. उणे ३५३३ मध्ये जुन्या आर्यवंदारच्या पडझडीत त्यांना पन्नास गुंडाळ्यांचा एक संच सापडला. ही ‘नेदर गुंडाळी’ आद्य वंशांनी लिहिलेली होती. जादू मुळात कशी चालते हेच तीत सांगितले होते. एल्फांकडून त्यांना तयार मंत्र मिळाले होते; इथे मंत्र रचण्याचे व्याकरण हाती आले.

तरंगती नगरे : आयोलम या जादूगाराने ‘मिथालार’ नावाचा तेजस्वी गोळा घडवला. त्याच्या बळावर उणे २९५४ मध्ये झिनलेनाल हे पहिले नगर हवेत उभे राहिले. रीत अशी : डोंगराचा माथा आडवा कापायचा, तो उपडा करायचा, म्हणजे निमुळते टोक खाली आणि सपाट कापलेली बाजू वर येते. वरच्या सपाटीवर रस्ते, वाडे, बागा वसवायच्या, मधोमध मिथालार बसवायचा. मिथालार जादूच्या प्रवाहातून थेट शक्ती ओढून घेई आणि नगर तोलून धरी. शिवाय मैलभराच्या टापूतल्या अर्धजादुई वस्तूंनाही त्याच्यामुळेच जीव येई. दिवे, घरकामाची साधने, हत्यारे अशा हरतऱ्हेच्या वस्तू बनवणे त्यामुळे स्वस्त झाले, कारण कारागिराला स्वतःची शक्ती ओतावी लागेना. पण तीच वस्तू नगराच्या टापूबाहेर नेली की निव्वळ लोखंड किंवा काच. भारनियमन भोगलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

वरच्या नगरांत जादूगार राहत, त्याला ‘उच्च नेदरिल’ म्हणत. खाली जमिनीवर शेतकरी, कोळी आणि वरच्यांना धान्य पुरवणारी गावे होती. ते ‘नीच नेदरिल’. या खालच्या लोकांबद्दल मूळ साहित्यात फार थोडे लिहिलेले आहे, आणि नेदरिलच्या वर्णनातली ही सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल.

हवेतल्या नगराची कल्पना आपल्याला नवी नाही. महाभारतातल्या वनपर्वात शाल्वाचे सौभ हे आकाशगामी नगर आहे, कर्णपर्वात त्रिपुरांची कथा आहे. तिथे सौभ कृष्णाच्या सुदर्शनाने कोसळते, त्रिपुरे शिवाच्या बाणाने. नेदरिलला असा बाहेरचा शत्रू पाडत नाही.

ऱ्हास : जमिनीखाली फेरिम नावाचे जादूवर जगणारे प्राणी होते. नेदरिलच्या अतोनात जादूचा त्यांना जाच होऊ लागला. उणे ४६१ पासून त्यांनी वरच्या भूमीतले चैतन्य शोषून घेणारे मंत्र सोडले. शेते करपली, समुद्र आटत गेला, वाळू पसरली. पुढच्या काळातले अनॉरॉकचे महावाळवंट ते हेच. शत्रू कोण हे नेदरिलच्या बहुतेकांना कळलेसुद्धा नाही. कित्येक जादूगार आपापली नगरे घेऊन दूर निघून गेले.

कारसस हा त्यांच्यातला सर्वांत बुद्धिमान जादूगार. स्वतः देव झाल्याशिवाय हे संकट टळणार नाही, असे त्याने ठरवले. मंत्रांचे बळ इथे पातळ्यांत मोजतात; त्याने बाराव्या पातळीचा मंत्र रचला. सामग्रीत सोनेरी ड्रॅगनची आणि टॅरास्क या महाकाय पशूची ग्रंथी लागत होती. उणे ३३९ मध्ये त्याने तो उच्चारला आणि ज्या देवतेची शक्ती हिसकावली ती होती मिस्ट्रिल, जादूची देवता. निवड इथे चुकली. जादूची ‘वीण’ क्षणोक्षणी उसवते आणि ती सतत सांधत राहणे हेच मिस्ट्रिलचे काम. कारससच्या हाती सामर्थ्य आले, विणकाम आले नाही. वीण फाटू लागली तेव्हा मिस्ट्रिलने स्वतःचा अंत करून घेऊन ते सामर्थ्य तोडले. क्षणभर जगातली सारी जादू थांबली. तेवढ्यात मिथालार विझले आणि नगरे खाली आली. मरताना कारससला ती पडताना दिसत होती.

मिस्ट्रिलच्या जागी आलेल्या मिस्ट्राने मग जादूला मर्यादा घातली. नवव्या पातळीपलीकडचे मंत्र कुणालाच मिळेनासे झाले. खेळाच्या नियमपुस्तकातही नऊच पातळ्या आहेत. नियमपुस्तकातल्या एका कोरड्या आकड्यामागे अख्खे साम्राज्य बुडवून ठेवण्याची ही युक्ती फर्गॉटन रेल्म्समधली सर्वांत चोख कारागिरी आहे.

पुढचा काळ : अनॉरिया, अस्राम आणि लोंडाथ ही तीन वारस राज्ये काही शतके टिकली, मग वाळूने तीही गिळली. थुलतंथार हे नगर मात्र नाशाच्या आधीच छायालोकात निसटले होते. १३७२ मध्ये ते वाळवंटावर परत प्रकटले. बारा राजपुत्रांच्या साह्याने टेलामाँट तंथुल या त्याच्या अधिपतीने नेदरिल पुन्हा उभे करायचा घाट घातला. १४८७ मध्ये तेही आकाशातून पडले आणि पडले नेमके मिथ ड्रॅनरवर, एल्फांच्या जुन्या राजधानीवर. २०२३ मध्ये आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ या संगणकीय खेळाचे कथानक कारससने घडवलेल्या जादूई मुकुटाभोवती फिरते. कारससचे दगड झालेले शरीर फेरूनच्या एका अरण्यात तांबड्या टेकाडाच्या रूपात पडून आहे, आणि धाडसी लोक त्याच्या शोधात तिकडे जात असतात.