गगन आणि नाविक: जीपीएस बंद पडलं तर काय उरेल?

'गगन' आणि 'नाविक' या भारताच्या दोन उपग्रह यंत्रणा. दोन्हींच्या मागे इस्रो आहे आणि दोन्हींचे उपग्रह साधारण ३६ हजार किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यामुळे त्यांची सर्रास अदलाबदल होते. 'गगन म्हणजे भारताचं स्वतःचं जीपीएस' हे वाक्य तर हमखास ऐकू येतं, आणि ते चुकीचं आहे. फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो: उद्या अमेरिकेने जीपीएस बंद केलं, तर काय चालू राहील? नाविक चालू राहील. गगन जीपीएसच्या चुका दुरुस्त करतं, त्यामुळे त्याला दुरुस्त करायला काही उरणारच नाही.

नाविक ही स्वतंत्र यंत्रणा. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला, मूळ रचनेतला सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी. तोवर तिचं नाव आयआरएनएसएस होतं. प्रत्येक उपग्रह आपली जागा आणि अचूक वेळ सतत प्रक्षेपित करतो. संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून रिसीव्हर अंतर काढतो, आणि चार उपग्रहांची अंतरं मिळाली की आपण कुठे आहोत हे ठरतं. सगळा खेळ घड्याळाचा. एक मायक्रोसेकंद चुकला की अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणूनच उपग्रहांवरची, परदेशातून आणलेली रुबिडियम अणुघड्याळं बंद पडू लागली तेव्हा ते उपग्रह कक्षेत असूनही स्थाननिश्चितीला निकामी झाले. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ या नव्या नाविक उपग्रहावर पहिल्यांदा देशी अणुघड्याळ बसलं. माझ्या मते नाविकच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना, पण बातम्यांमध्ये तिला उड्डाणाएवढी जागा मिळाली नाही.

गगन स्वतंत्रपणे जागा सांगण्यासाठी उभारलेलंच नाही. जीपीएसने सांगितलेली जागा किती चुकली आणि तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ते सांगतं. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी ते मिळून उभं केलं. देशभरात १५ संदर्भ केंद्रं आहेत. त्या केंद्रांची खरी जागा आधीच काटेकोर मोजलेली असते, त्यामुळे जीपीएसचं उत्तर किती हललं ते लगेच दिसतं. ही माहिती बंगळुरूला जमा होते, तिथे दुरुस्त्या तयार होतात, आणि त्या जीसॅट-८, जीसॅट-१० व जीसॅट-१५ या दळणवळण उपग्रहांवर बसवलेल्या उपकरणांमार्फत खाली पाठवल्या जातात.

विमानासाठी यातला सर्वांत मोलाचा भाग दुरुस्तीचा नाही, इशाऱ्याचा आहे. चूक मर्यादेबाहेर गेली तर सुमारे ६ सेकंदांत वैमानिकाला ते कळलं पाहिजे. ढगांतून उतरणाऱ्या विमानाला 'बहुधा बरोबर' असलेली जागा चालत नाही. २८ एप्रिल २०२२ रोजी इंडिगोचं एटीआर-७२ विमान राजस्थानातल्या किशनगढ विमानतळावर गगनच्या मार्गदर्शनाने उतरलं. धावपट्टीजवळ आयएलएस ही, रेडिओ लहरींनी विमानाला उतरायची वाट दाखवणारी महागडी यंत्रणा नसलेल्या लहान विमानतळांसाठी ही फार मोठी सोय आहे.

दोघांतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो आयनोस्फिअरमध्ये. वातावरणाच्या वरच्या भागातला हा विद्युतभारित थर रेडिओ लहरींना उशीर करतो, आणि चूक कित्येक मीटरपर्यंत जाऊ शकते. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. दुपारी तिथले इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि दोन्ही बाजूंना उतरून दाट पट्टे तयार करतात. उत्तरेकडचा पट्टा गुजरात आणि मध्य भारतावर येतो. अमेरिका-युरोपातल्या अशाच यंत्रणांना हा त्रास इतका नाही, म्हणून तिथलं गणित जसंच्या तसं उचलून चाललं नसतं. गगनसाठी इस्रोला वेगळं प्रारूप घडवावं लागलं. गगन या थरावर काल्पनिक जाळी टाकून जाळीच्या प्रत्येक बिंदूवर किती उशीर होतो ते कळवतं. नाविकने दुसरी वाट धरली: एल-५ आणि एस अशा दोन वारंवारता. उशीर वारंवारतेनुसार बदलतो, तेव्हा दोन्ही ऐकणारा रिसीव्हर दोन वेळांमधल्या फरकावरून उशीर स्वतःच काढतो. एकच वारंवारता ऐकणाऱ्याला ही सोय नाही.

समुद्रावर मात्र गोंधळ पुन्हा वाढतो, कारण बोटींवर दोघांचीही उपकरणं आहेत. २०१९ मधलं 'जेमिनी' हे उपकरण गगनच्या उपग्रहांवरून वादळाचे इशारे आणि मासळीच्या संभाव्य जागा पकडून तांडेलाच्या मोबाइलवर दाखवतं. मोबाइलचं टॉवर मागे राहिलं तरी. ते फक्त ऐकतं, उलट निरोप पाठवत नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरहून ज्या योजनेची सुरुवात झाली, त्यात एक लाख बोटींवर बसवायचे ट्रान्सपॉन्डर येतात. त्यांतून संकटातला निरोप किनाऱ्यापर्यंत जातो. पण इथेही एक गैरसमज आहे: नाविकचे उपग्रह बोट कुठे आहे हे जाणत नाहीत. जागा बोटीवरचा रिसीव्हर मोजतो, आणि ती किनाऱ्याला कळवायला दळणवळणाची वेगळी जोडणी लागते.

तुमच्या मोबाइलमध्ये काय आहे हे पाहायचं असेल, तर उपग्रहांची यादी दाखवणारं एखादं ॲप उघड्या आकाशाखाली चालू करा. गगनचे उपग्रह १२७, १२८ अशा क्रमांकांनी वेगळ्या गटात दिसतात. नाविकचे भारतीय उपग्रह म्हणून. जुने नाविक उपग्रह एल-१ या, साध्या मोबाइल चिप ऐकतात त्या वारंवारतेवर बोलत नाहीत, त्यामुळे चिप एल-५ पकडणारी नसेल तर ते यादीत येणार नाहीत. एल-१ वरचा संदेश एनव्हीएस-०१ पासून सुरू झाला.