मुंग्या किती दिवस आल्या?

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये पोती वाहणारे एक माथाडी कामगार माझ्याकडे आले ते ईसीजीचा कागद घेऊनच. ईसीजी नॉर्मल, रक्ताचे रिपोर्टही नॉर्मल. त्रास काय, तर "डोक्यात मुंग्या येतात, जीव घाबरा होतो. पोतं उचलताना नाही, रात्री खोलीवर आल्यावर." गाव साताऱ्याकडचं, बायको-मुलं तिकडेच. इथे कोपरखैरण्यात सहा जणांत एक खोली.

मी नैराश्य तपासायची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली काढली. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली की नीट तपासायचं. "गेल्या दोन आठवड्यांत उदास, निराश वाटलं?" "नाही." "कामात रस वाटत नाही असं झालं?" "मॅडम, हमालीत रस कसला?" बेरीज आली सहा. पण समोरचा माणूस बोलता बोलता दोनदा डोळे पुसत होता.

साध्या माणसांना मनाचं कळत नाही, म्हणून ती मनाचं दुखणं शरीराच्या तक्रारी करून सांगतात, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही आणि संशोधनही तसं सांगत नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बेंगळुरूसह १४ देशांतल्या दवाखान्यांत येणारे नैराश्याचे १,१४६ रुग्ण पाहिले गेले. त्यातले ६९ टक्के डॉक्टरांकडे फक्त शरीराच्या तक्रारी घेऊन आले होते. युरोप-अमेरिकेतही हे दिसलं. मात्र मनाबद्दल थेट विचारल्यावर "तसं काही नाही" म्हणणारे होते जेमतेम ११ टक्के. आणि जिथे रुग्णाचा ठरलेला, ओळखीचा डॉक्टर नव्हता, तिथे नुसतं अंगदुखीवर बोलणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं. माणसं सांगतात. विचारणारा ओळखीचा लागतो आणि शब्दही ओळखीचे लागतात.

शब्दांचं काम वाटतं तितकं सोपं नाही. १९७७ सालच्या एका गाजलेल्या अमेरिकी प्रश्नावलीत उदासीला चक्क 'निळेपणा' म्हटलं आहे. शब्दाला शब्द ठेवला तर मराठी माणूस रंगाचा विचार करत बसेल. म्हणून आधी एकाने मराठीत आणायचं, मग मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही ताडून बघायचं, अशी पद्धत आहे. तेवढ्याने अर्थ जुळतो. पण तो प्रश्न त्या माणसाच्या तोंडी बसतो का, हे वस्तीत बसूनच कळतं.

सर्वांत जपून विचारावा लागतो तो नववा प्रश्न, मरणाच्या विचारांचा. मुंब्र्याच्या एका बाईंनी आत्महत्येच्या विचाराला ठाम नकार दिला. धर्मात ते पाप आहे, त्या दुसरं काय म्हणणार? मी वेगळं विचारलं, "दुआ में क्या माँगती हैं आप?" त्या हळूच म्हणाल्या, "कि अब उठा ले." आपल्या आज्याही म्हणतातच, "देवा, उचल रे आता." दर वेळी त्यात धोका असतो असं नाही. पण ते ऐकल्यावर पुढचे प्रश्न विचारायचेच, ते टाळून चालत नाही.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३च्या निदान-पुस्तिकेत यासाठीच १६ प्रश्नांची एक मुलाखत घातली. त्यातला एक मला फार मोलाचा वाटतो : हा त्रास तुम्ही घरच्यांना कसा सांगाल? उत्तरात कुणी टेन्शन म्हणतं, कुणी बाहेरची बाधा. आगरी-कोळी गावातली बाई आधी भगताकडे जाऊन आलेली असली तर मी तिला खोडत नाही. तिथे काय बरं वाटलं ते विचारते. मारहाण, चटके, साखळ्या असतील तर मात्र गय नाही. त्यासाठी महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे.

दुभाष्याबद्दल सांगायलाच हवं. तुर्भ्याच्या एका भोजपुरी बोलणाऱ्या आईसोबत तिची चौथीतली मुलगी आली होती. आई दोन मिनिटं बोलली. मुलीने सांगितलं, "मम्मी बोलती है, सब ठीक है." आईचं दुखणं लेकराच्या डोक्यावर द्यायचं नसतं. त्या दिवशी मी मुलीला बाहेर चित्रं काढायला बसवलं आणि भोजपुरी येणाऱ्या सहकारी बाईंना फोनवर घेतलं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत बोलता येतं, तेही रात्री-अपरात्री.

माथाडी दादांना मी शेवटी गावाबद्दल विचारलं. तीन महिने घरी फोन केला नव्हता. "काय सांगू? पोरीच्या फीचे पैसे पाठवले नाहीत." नंतर सगळं भडाभडा बाहेर आलं : झोप नाही, भूक नाही, टोळीतल्या लोकांत बसावंसं वाटत नाही. केसपेपरवर पहिल्या ओळीत मी त्यांचाच शब्द लिहिला. आता दर भेटीत प्रश्नावलीआधी तोच विचारते, "या आठवड्यात मुंग्या किती दिवस आल्या?" पहिल्यांदा सात म्हणाले होते. घरी फोन सुरू झाल्यावर पाच. परवा बोटांवर मोजून म्हणाले, "तीन. पण रविवारी जास्तच."