घरातल्या दोन कॉम्प्युटरमध्ये फाईल शेअर करताय? फोन करायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी, घरात नवीन लॅपटॉप आला की आठवड्याभरात आम्हाला फोन ठरलेला, "दादा, जुन्या पीसीवरचे फोटो नव्यावर दिसत नाहीत, नेटवर्कमध्ये नावच येत नाही". बहुतेक वेळा बिघाड काहीच नसतो आणि एक टिकमार्क करायला माणूस पाठवून तुमच्याकडून व्हिजिटचे पैसे घ्यायचे हे आम्हालाच बरं वाटत नाही, म्हणून हा कागद.

आधी बघा दोन्ही मशीन एकाच राऊटरवर आहेत का. हसू नका, इथेच जास्त लोक अडकतात. फायबरवाल्याने दिलेल्या डब्यालाही वायफाय असतं, आतल्या खोलीत रेंज नाही म्हणून आपण दुसरा राऊटर आणून त्याच्या मागे लावतो, मग हॉलमधला पीसी पहिल्यावर आणि बेडरूममधला लॅपटॉप दुसऱ्यावर, इंटरनेट दोन्हीकडे मस्त चालतं म्हणून शंकाच येत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये (स्टार्टमध्ये cmd शोधलं की उघडते ती काळी खिडकी) इंग्रजीत ipconfig टाईप करून एंटर दाबा आणि IPv4 समोरचा आकडा बघा, तो त्या मशीनचा आयपी नंबर. एकाचा नंबर १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.७ असा काही आला, म्हणजे तिसरा आकडा वेगळा, तर ते दोघं वेगवेगळ्या बिऱ्हाडात राहतायत असं समजा. दुसरा राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकला, म्हणजे तो स्वतः वेगळे नंबर न वाटता पहिल्याचंच नेटवर्क पुढे पोहोचवतो, की काम होतं. आणि पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवर असाल तर काहीच दिसणार नाही, ते बनवलंयच त्यासाठी.

मग वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन नेटवर्क प्रायव्हेट करा, विंडोज ११ नवीन नेटवर्कला पब्लिकच धरतो, म्हणजे आपण स्टेशनवर बसलोय असं समजून दार लावून घेतो. नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाईल शेअरिंग दोन्ही ऑन. विंडोज ७ मधला होमग्रुप शोधत असाल तर सोडून द्या, तो विंडोज १० मधून २०१८ सालीच काढून टाकलाय.

आता पासवर्ड. तुम्ही रोज चार आकडी पिन टाकून लॅपटॉप उघडता ना, तो पिन फक्त त्या मशीनपुरता, नेटवर्कवरून चालत नाही. आणि ज्या अकाउंटला पासवर्डच नाही त्यालाही विंडोज बाहेरून आत घेत नाही. लोक वैतागून पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंगच बंद करतात, ते करू नका. आम्ही काय करतो, ज्या मशीनवर फाईली आहेत तिथे 'घर' नावाचं एक साधं लोकल अकाउंट बनवतो, त्याला पासवर्ड देतो, आणि एकच फोल्डर त्याच्या नावाने शेअर करतो. दुसऱ्या मशीनवर फाईल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा (\\) आणि पुढे फाईली असलेल्या पीसीचं नाव टाकलं (नाव घेत नसेल तर त्या पीसीचा आयपी नंबर) की युजरनेम पासवर्ड विचारतो, 'घर' टाका, झालं.

अख्खा सी ड्राईव्ह सगळ्यांना फुल कंट्रोल देऊन शेअर करू नका. एका ग्राहकाकडे मुलाने गेमसाठी जागा करायची म्हणून आपल्या लॅपटॉपवरून बाबांच्या पीसीवरचं बिलांचं फोल्डर उडवलं, आणि नेटवर्कवरून डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही हो. सरळ जातं. फोटो नुसते बघायचे असतील तर रीड परमिशन पुरे.

जुना टीव्ही किंवा जुनी नेटवर्क हार्डडिस्क एसएमबी १ (नेटवर्कवरून फाईली शेअर करायची जुनी, असुरक्षित पद्धत) चालू करा म्हणत असेल तर नाही म्हणा, मे २०१७ मधला वॉनाक्राय व्हायरस त्याच वाटेने पसरला होता.

स्पीडचं म्हणाल तर मोठी कॉपी वायरनेच करा. १०० जीबी फोटो १०० एमबीपीएसवर अडीच तास खातात, गिगाबिटवर (म्हणजे १००० एमबीपीएस) डिस्कने साथ दिली तर पंधरा-वीस मिनिटं. केबलमध्ये आठ तारा असतात, स्वस्तात क्रिंप करणारे चारच जोडतात आणि मग गिगाबिट राऊटर असूनही स्पीड शंभरवरच अडकतो. कॉपी लावून झोपणार असाल तर आधी दोन्ही मशीनचा स्लीप बंद करा.

एवढं करूनही जमलं नाही तर दोन्ही मशीन दुकानात घेऊन या, व्हिजिटचे पैसे वाचतील. चार्जर मात्र आठवणीने आणा, आमच्याकडे सगळ्या पिनांचे नाहीत.