वनस्पतींची संरक्षणयंत्रणा

वनस्पतींची संरक्षणयंत्रणा : बुरशी, जिवाणू, विषाणू, कीटक आणि चरणारी जनावरे यांच्यापासून स्वतःला वाचवण्यासाठी वनस्पतींकडे असलेली अडथळ्यांची, रसायनांची व संदेशांची व्यवस्था. प्राण्यांच्या रक्तातून फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी झाडाकडे नाहीत, रोगजंतूंना पकडणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) नाहीत, आणि शत्रू आला म्हणून त्याला जागा सोडून पळता येत नाही. त्यामुळे जिथे हल्ला होतो तिथल्याच पेशींना तो ओळखावा लागतो, परतवावा लागतो आणि उरलेल्या झाडाला खबरही द्यावी लागते.

हे सगळे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर थंडीत सकाळी हरभऱ्याच्या शेतात जावे. पाने, देठ आणि घाटे यांच्यावर बारीक लव असते आणि तिच्यातल्या काही केसांच्या टोकांना आम्लाचे थेंब लागलेले असतात. पानावरून बोट फिरवून जिभेला लावले तर आंबटढाण लागते. हीच हरभऱ्याची आंब. तिच्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असते. पहाटे दवाने भिजलेल्या पिकावर धुतलेले फडके पसरायचे, ते ओले झाले की पिळायचे आणि आंब बाटलीत भरून ठेवायची, ही रीत महाराष्ट्रात जुनी आहे. अजीर्णावर व पोटदुखीवर ती घरोघरी दिली जाई. पिकाच्या दृष्टीने मात्र ती घाटेअळीविरुद्धची शिबंदी आहे. ऑक्झॅलिक आम्ल पोटात गेले की अळीची वाढ खुंटते. आंब पाण्यात विरघळणारी असल्यामुळे पावसाच्या सरीने धुऊन जाते. आंब असूनही घाटेअळी हरभऱ्याची सर्वांत मोठी कीड आहेच, कारण कुठलाही बचाव अळीला कायमचा रोखून धरत नाही.

साल, पानांवरचा मेणचट थर आणि काटे ही बाहेरची भिंत. देशी कपाशीच्या काही वाणांत पानांवरची दाट लवच तुडतुड्यांना आवर घालते. खाजकुयलीच्या शेंगेवरचे केस त्वचेत घुसतात आणि त्यांतील प्रथिने मोडणारे विकर (एन्झाइम) खाज उठवते. भिंत फुटलीच, तर जखम बुजवण्याची सोय वेगळी. बाभळीच्या सालीला घाव बसला की डिंक पाझरतो, सालईतून राळ येते. आंब्याचा देठ मोडताच चीक उसळतो. तो फळावर ओघळला तर साल भाजून काळा डाग पडतो. म्हणून कोकणात आंबा देठासह उतरवतात.

रोगजंतूंशी चालणारी लढाई डोळ्यांना दिसत नाही, पण खरी गुंतागुंत तिथेच आहे. पानांवरची पर्णरंध्रे ही जिवाणूंची आत शिरायची वाट. जिवाणूच्या शेपटीतील फ्लॅजेलिन हे प्रथिन किंवा बुरशीच्या भिंतीतील कायटिन पेशीवरच्या ग्राहींना, म्हणजे शत्रूची खूण ओळखणाऱ्या प्रथिनांना, जाणवले की रंध्रे मिटू लागतात आणि पेशीभिंती जाड होतात. काही जिवाणू यावर तोड म्हणून कोरोनाटिन नावाचे विष सोडून रंध्रे पुन्हा उघडायला लावतात. आत शिरलेला शत्रू ओळखणारी प्रथिने पेशीच्या आतही असतात. त्यांनी इशारा दिला की पेशी स्वतःच मरते आणि भोवतालच्या थोड्या पेशींनाही सोबत नेते. तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या गव्हाच्या पानावर पुळ्यांऐवजी फक्त फिकट ठिपके दिसतात, ते याचेच. तांबेऱ्याची बुरशी जिवंत पेशींवरच जगते. मेलेल्या पेशीत तिची उपासमार होते. मेलेल्या ऊतींवर पोसणाऱ्या बुरशींना मात्र हा उपाय फायद्याचाच ठरतो.

झाडाचे एक जनुक रोगजंतूच्या एका जनुकाला ओळखते, ही कल्पना अमेरिकेत वनस्पतिरोगतज्ज्ञ हॅरल्ड फ्लोर यांनी जवसाच्या तांबेऱ्यावरील अभ्यासातून १९४०च्या दशकात मांडली. गव्हाच्या पैदाशीत तिचा मोठा उपयोग झाला, आणि तिची मर्यादाही गव्हानेच दाखवली. ‘एसआर३१’ या जनुकाने कित्येक वर्षे जगभरच्या वाणांना खोडावरच्या काळ्या तांबेऱ्यापासून वाचवले. मग युगांडात या तांबेऱ्याच्या बुरशीचा ‘यूजी९९’ हा प्रकार सापडला, आणि त्याच्यापुढे ते जनुक निष्प्रभ ठरले. एकाच जनुकावर सगळी भिस्त ठेवण्यातला हा धोका पीकसंशोधकांनी कधीही विसरता कामा नये.

एका पानाला झालेल्या रोगाची आठवण संपूर्ण झाड ठेवते, हे वनस्पतिरोगतज्ज्ञ फ्रँक रॉस यांनी १९६१ मध्ये तंबाखूवर दाखवले. खालच्या पानांना मोझेक विषाणूची लागण झाल्यावर त्याच रोपाच्या वरच्या पानांवर पुढच्या लागणीचे डाग लहान उठत. या निरोपात सॅलिसिलिक आम्लाची कामगिरी महत्त्वाची आहे. ॲस्पिरिन त्याच आम्लापासून बनते. कीटकांनी कुरतडल्याची बातमी निराळ्या मार्गाने जाते. टोमॅटोचे एक पान दुखावले की न दुखावलेल्या पानांतही अळीचे पचन बिघडवणारी प्रथिने तयार होतात, असे १९७२ मध्ये आढळले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मिरचीतील अशाच प्रथिनांचा घाटेअळीवर होणारा परिणाम अभ्यासला गेला आहे. कुरतडलेल्या मक्यातून सुटणारा वास तर अळीच्या शत्रूलाच बोलावतो : त्या वासाच्या मागाने परजीवी गांधीलमाश्या येतात आणि अळीच्या अंगात अंडी घालतात. नुकत्याच कापलेल्या गवताचा आपल्याला आवडणारा वासही जखमी पानांचाच असतो.

शत्रूही शिकतात. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषे असल्याने गुरे तिला तोंड लावत नाहीत. पण पिवळ्या अंगावर निळे पट्टे असलेला टोळ तीच पाने खातो, विष अंगात साठवतो आणि त्याच्या पिल्लाला चिमटीत धरले तर ते उग्र द्रवाची चिळकांडी मारते.

माणसाने पिके निवडताना चवीसाठी यातली पुष्कळ हत्यारे काढून टाकली. काकडी, दुधी, भोपळा यांच्या रानटी भाऊबंदांत कुकुरबिटासिन नावाची जहाल कडू द्रव्ये असतात. लागवडीच्या वाणांत ती फारच थोडी उरली. तरी एखादे फळ कडू निघतेच. कडू दुधीचा रस पिऊन रक्ताच्या उलट्या झाल्याची आणि माणसे दगावल्याची उदाहरणे भारतात आहेत. म्हणून रस काढण्याआधी दुधीची फोड चाखून पाहावी, आणि कडू लागली तर थुंकून सगळा दुधी टाकून द्यावा. मीठ-साखर घालून हे विष जात नाही.